कॅमेरा उघडायच्या आधी: टॉर्च, मोबाईल आणि अडीचशे रुपयाचा मल्टीमीटर

बाबांचा याशिका इलेक्ट्रो ३५, जुना रोलचा कॅमेरा, मी स्वतःच्या हाताने घालवला, आणि हे लिहायला बसलोय ते त्याच्यासाठीच. बाबा गेल्यावर कपाटात सापडला, बटण दाबलं तर काहीच धड होत नव्हतं, म्हणून त्याच संध्याकाळी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलो आणि वरचं झाकण काढलं. झाकणाला आतून केसासारख्या बारीक वायरी जोडलेल्या असतात हे मला माहीतच नव्हतं, त्यातल्या दोन तुटल्या. पुढे दोन वर्षांनी समजलं की मुळात बिघाड होता तो बॅटरीच्या कप्प्यात, तळाच्या पत्र्यावर हिरवा थर चढला होता आणि करंट पुढे जातच नव्हता. कानकोरणीएवढा कापूस आणि लिंबाचा एक थेंब, एवढंच काम होतं.

त्यानंतर मी एकच नियम धरलाय, कॅमेरा हातात आला की आधी फक्त बघायचं, ऐकायचं आणि मोजायचं. नेमकं कुठे बिघडलंय हे कागदावर लिहून झाल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही. आणि हे मोजायला लागणारं सामान म्हणजे काही लॅबमधली मशीन नाहीत, बहुतेक वस्तू घरात पडलेल्या असतात आणि उरलेल्या बेळगावात कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतात.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आमच्या गल्लीतले सुभेदार काका, मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालेले, त्यांचा पेंटॅक्स के १००० घेऊन आले. "बघ की रे, हे चालेना झालंय. नातीला फोटो काढायला शिकवायचंय." मी म्हटलं, "काका, आठ दिवस ठेवून जावा, आधी उघडत नाही, बघतो." त्याच कॅमेऱ्याच्या आधाराने सगळं सांगतो, मध्ये मध्ये दुसरे कॅमेरे पण येतील.

के १००० हा १९७६ ला आला आणि १९९७ पर्यंत बनत राहिला, पूर्ण मेकॅनिकल, बॅटरी लागते ती फक्त आतल्या लाईट मीटरच्या, म्हणजे उजेड मोजणाऱ्या, काट्याला. ही गोष्ट आधी समजून घ्यायला पाहिजे, कारण तुमचा कॅमेरा कुठल्या जातीचा आहे त्यावर पुढचा सगळा तपास ठरतो. के १००० किंवा झेनिट बॅटरीशिवाय क्लिक करायलाच पाहिजे, नाही केला तर दोष मेकॅनिकल. उलट कॅनन एई १ मध्ये शटर, म्हणजे क्लिक केलं की फिल्मवर उजेड सोडून परत झाकणारी यंत्रणा, बॅटरीवर चालतं, बॅटरी नाही तर क्लिक नाही, तिथे "जाम झालाय" म्हणून भंगारात घालू नका, आधी ६ व्होल्टचा नवा सेल घालून बघा. आणि याशिका इलेक्ट्रो या दोन्हीच्या मधला आहे, बॅटरी नसली तरी तो क्लिक होतो पण एकाच स्पीडला, म्हणजे शटर नेहमी फक्त १/५०० सेकंद उघडतं, त्यामुळे माणसाला वाटतं चालू आहे आणि रोल धुवून आला की फोटो सगळे काळे.

पहिलं साधन म्हणजे कान. याशिका इलेक्ट्रोचा फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर ओढताना आतून एक "टक्" असा जाड आवाज यायला पाहिजे. आत एक छोटा रबराचा तुकडा असतो, पन्नास वर्षांत तो कुजून चुरा होतो, आणि तो गेला की हा आवाज जातो आणि एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर किती उजेड पडतो ते, चुकायला लागतं. म्हणजे नुसता लिव्हर ओढून तुम्ही आतल्या रबराचं निदान केलं, एक पैसा खर्च न करता. कॅनन एई १ क्लिक करताना कुत्र्याच्या पिल्लासारखा बारीक "चीं" असा आवाज येत असला तर आरशाच्या यंत्रणेतलं तेल सुकलंय. के १००० मध्ये १ सेकंदावर ठेवून क्लिक केलं की घड्याळासारखी "घर्रर्र" ऐकू यायला पाहिजे, एकसारखी, न अडखळता. ती मध्येच थांबत असेल, किंवा शेवटी दमल्यासारखी होत असेल, तर स्लो स्पीडचा जो छोटा गिअर असतो त्याच्यातलं ग्रीस घट्ट झालंय.

आणि इथे एक हिशेब लक्षात ठेवा, तो मला सगळ्यात उपयोगी पडलाय. १ सेकंद ते १/३० पर्यंतचे स्पीड हे त्या स्लो गिअरच्या मदतीने चालतात, त्याच्या वरचे स्पीड नुसते पडद्यांच्या जोरावर (फिल्मच्या पुढचे दोन कापडी पडदे, ते पुढे सांगतो). म्हणून स्लो बिघडलेत आणि वरचे ठीक आहेत, तर दोष गिअरमध्ये. स्लो ठीक आहेत आणि १/५००, १/१००० बिघडलेत, तर दोष पडद्यात. सगळेच बिघडलेत तर मग दोष सगळ्यांना लागणाऱ्या कुठल्यातरी एका ठिकाणी आहे, बहुतेक वेळा पडद्यांच्या रुळांमध्ये घाण. एवढा विचार केला तरी अर्धा तपास घरबसल्या होतो.

दुसरं साधन टॉर्च. साधा एलईडी टॉर्च, बॅटरीवाला. लेन्स काढून एका टोकाला टॉर्च धरा आणि दुसऱ्या टोकाने बघा, पण सरळ नाही, थोडं तिरकं धरायचं, सरळ धरलं की नुसता उजेड दिसतो आणि घाण लपते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. सगळीकडे धुकं धरल्यासारखं दिसलं तर आतल्या ग्रीसची वाफ काचेवर बसलीय. बारीक धुळीचे ठिपके दिसले तर त्याचं काही वाटून घेऊ नका, फोटोत येत नाहीत, त्यासाठी लेन्स उघडणं म्हणजे नसतं काम ओढवून घेणं.

आपल्याकडे बुरशी हा मोठा विषय आहे. खानापूर, कणकुंबी, जांबोटीकडचे कॅमेरे माझ्याकडे येतात त्यातल्या बहुतेकांच्या लेन्समध्ये जाळं असतं, तिकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल्या असतात. बेळगाव शहर काय कोरडं नाही. लोक कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवतात, प्रेमानेच ठेवतात, पण ते चामडंच ओल धरतं आणि बुरशीला खायला पण तेच पुरवतं. हवेतली आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मीटर दोन-तीनशे रुपयात मिळतो, तो कॅमेऱ्याच्या डब्यात ठेवा. ६० टक्क्यांच्या वर आकडा दिवसेंदिवस राहत असला तर समजा बुरशीचं घर तयार होतंय, ४० ते ५० मध्ये ठेवायचा. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, बस. तांदूळ घालू नका, त्याचा कोंडा लेन्सच्या फटीत जातो.

टॉर्च हातात आहे तोवर छिद्रं पण बघून घ्या. रात्री लाईट गेलेली असली तर उत्तमच, नाहीतर खोली अंधारी करा, कॅमेऱ्याचं मागचं दार उघडून टॉर्च पडद्याला टेकवा आणि समोरून, लेन्सच्या जागेतून, आरसा बोटाने हळूच वर धरून बघा. कापडी पडद्याला टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतील तर चांदण्यासारखी चमकतात. घडीच्या कॅमेऱ्यांत, आग्फा आयसोलेट वगैरे, तो जो भाता असतो त्याच्या कोपऱ्यांत ही चांदणी हमखास दिसते. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला दहा मिनिटं द्या, लगेच बघितलं तर काही दिसत नाही आणि माणूस म्हणतो सगळं ठीक आहे.

मागच्या दाराच्या खाचेत काळा फोम असतो, त्याला टूथपिकने हात लावून बघा. चिकट डांबरासारखा झाला असेल तर तो संपला, उजेड आत येणार. काकांच्या के १००० मध्ये दाराचा फोम पार गेला होता आणि आरसा जिथे वर आपटतो तिथला पण. हा बदलणं मात्र कुणालाही जमतं, काळी लोकर किंवा पातळ काळा फोम कापून लावायचा, त्यासाठी कॅमेरा उघडावा लागत नाही.

आता मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट आणि ओम मोजायचं यंत्र. तो पिवळा, दोन-अडीचशेवाला चालतो, महाग नको. पहिलं काम सेल मोजणं. एलआर ४४ सेल नवा असला की साधारण १.५ व्होल्ट दाखवतो. पण नुसता मोजलेला व्होल्टेज फसवतो, कारण थकलेला सेल बिनकामाचा बसलाय तोवर चांगला आकडा दाखवतो आणि काम पडलं की बसतो, आपल्या स्कूटरच्या बॅटरीसारखंच. म्हणून सेलच्या दोन टोकांना शे-दोनशे ओमचा रेझिस्टर लावून मग मोजा, आकडा धाडकन खाली आला तर सेल बदला.

के १००० च्या मीटरला चालू-बंद बटणच नाही. लेन्सवर झाकण असलं की अंधार झाला म्हणून मीटर झोपतो, झाकण नसलं की तो जागाच. काकांचं झाकण कुठेतरी हरवलं होतं, कॅमेरा काचेच्या शोकेसमध्ये वर्षानुवर्षं उघड्या लेन्सने बसला होता, सेल संपणारच, आणि संपलेला सेल तसाच आत राहून पाझरला.

पाझरलेला सेल कसा ओळखायचा, तर पांढरा किंवा हिरवा थर. अल्कलाईन सेलमधून जे बाहेर येतं ते आम्लाच्या उलट जातीचं, म्हणून त्याच्यावर व्हिनेगर किंवा लिंबू चालतं, कापसाच्या काडीने अगदी थोडं, आणि लगेच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढायचं, लिंबू आत राहिलं तर तेच पुढे पत्रा खाईल. पुसल्यावर मल्टीमीटर कंटिन्यूइटीवर, म्हणजे "बीप" वाल्या खुणेवर ठेवा, एक टोक कप्प्याच्या पत्र्याला आणि दुसरं जिथपर्यंत पोचता येतं तिथे. बीप नाही म्हणजे वायर आतून खाल्ली गेलीय. हा थर वायरच्या प्लास्टिकच्या आतून पुढे सरकतो, बाहेरून वायर झक्कास दिसते आणि आत काळी पडलेली असते.

मीटरचा डोळा दोन प्रकारचा असतो. झेनिट ई किंवा ऑलिंपस ट्रिप ३५ वर पुढे मधमाशीच्या पोळ्यासारखी काच दिसते, तो सेलेनियम सेल, त्याला बॅटरी लागत नाही, उजेडातून स्वतःच करंट तयार करतो. उन्हात धरा आणि काटा हलतो का बघा. ट्रिप ३५ मध्ये अंधारात बटण दाबलं की व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर यायला पाहिजे आणि बटण अडायला पाहिजे, उजेडात नाही, हीच त्याची सगळ्यात सोपी परीक्षा. दुसरा प्रकार सीडीएस, म्हणजे कॅडमियम सल्फाइडचा, के १००० मध्ये आहे तो, हा उजेड पडला की आपला रेझिस्टन्स कमी करतो, अंधारात तो लाखो ओममध्ये जातो आणि उजेडात काही हजारांवर किंवा त्याच्याही खाली येतो. काटा हलतो पण बरोबर दाखवतो का, हे बघायला मोबाईलवरचं लाईट मीटरचं ॲप घ्या, एकसारख्या उजेडाची साधी भिंत घ्या आणि दोन्हींचे आकडे ताडून बघा. आणि ॲपवर पण विश्वास नसेल तर ऊन आहेच, स्वच्छ भर उन्हात एफ १६ (लेन्सच्या अपर्चरचं, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या भोकाचं, माप) आणि स्पीड म्हणजे एक भागिले फिल्मच्या आयएसओचा, म्हणजे उजेडाला ती किती संवेदनशील आहे त्याचा, आकडा, १०० च्या फिल्मला १/१२५ धरा. हा नियम कुठल्याही बॅटरीशिवाय चालत आलाय.

मिनोल्टा एसआरटी १०१ सारख्या कॅमेऱ्यांना १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, पारा विषारी म्हणून ते सेल बंद झाले. त्यात १.५ चा सेल घातला तर मीटर चुकीचं सांगतो, आणि लोक म्हणतात मीटर खराब. मीटर खराब नसतो, जेवण बदललंय. कानाच्या मशीनचा झिंक एअर सेल, साधारण १.४ व्होल्टचा, मेडिकलमध्ये मिळतो, तो घालून बघा आणि मग ठरवा.

आता शटर. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत म्हणून जरा वेळ देतो.

के १००० सारख्या कॅमेऱ्यात फिल्मच्या पुढे दोन कापडी पडदे असतात. पहिला पडदा सरकतो, फिल्म उघडी पडते, दुसरा पडदा त्याच्या मागून येऊन झाकतो. स्पीड कमी असला की पहिला पूर्ण सरकून जातो, मग दुसरा निघतो. पण १/१००० ला एवढा वेळच नाही, पडद्याला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायलाच दहाबारा मिलिसेकंद लागतात आणि आपल्याला उजेड द्यायचाय एक मिलिसेकंद, म्हणून दुसरा पडदा पहिल्याच्या पाठोपाठ लगेच निघतो आणि दोघांमध्ये फक्त एक अरुंद फट राहते, ती फट फिल्मवरून झाडूसारखी फिरते. दोघांचा वेग सारखा वाढत गेला पाहिजे. पहिला दमला आणि दुसरा ताजा राहिला, तर फट जाता जाता अरुंद होते आणि फोटोची एक बाजू काळवंडते. अगदी टोकाची वेळ म्हणजे दुसरा पहिल्याला गाठतो, मग त्या बाजूला फोटोच येत नाही. लोकांना वाटतं लेन्सपुढे बोट आलं.

हे मोजायचे तीन स्वस्त मार्ग, आणि प्रत्येकाची आपापली हद्द आहे.

पहिला, मोबाईलचा स्लो मोशन. २४० फ्रेमवर व्हिडिओ काढा, म्हणजे एक फ्रेम साधारण ४ मिलिसेकंदाची. कॅमेऱ्याचं मागचं दार उघडून, पलीकडे उजेड ठेवून, क्लिक करा आणि किती फ्रेममध्ये उजेड दिसतोय ते मोजा. १ सेकंदाला २४० फ्रेम, १/३० ला ८ फ्रेम. १/१२५ ला फक्त दोन येतात, आणि दोनाची तीन झाली तर तो शटरचा दोष का मोजण्याचा, ते सांगता येत नाही. म्हणून १/३० पर्यंत हा मार्ग सोन्यासारखा, त्याच्यावर सोडून द्यायचा. काही मोबाईल २४० म्हणतात आणि मधल्या फ्रेम स्वतःच बनवून घालतात, त्यासाठी आधी दुसऱ्या मोबाईलवरच्या स्टॉपवॉचचा व्हिडिओ काढून खरं किती ते तपासा.

दुसरा मार्ग जुना डबा टीव्ही. मागच्या बाजूने पोट सुटलेला, काचेच्या ट्यूबचा. आमचा एक खानापूरला आजीच्या घरी माळ्यावर होता, खाली काढला. आपल्याकडचा टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० वेळा पडदा वरून खाली रेघारेघांनी रंगवतो, एका रेघेला ६४ मायक्रोसेकंद, म्हणजे १/१००० सेकंदात जेमतेम १५-१६ रेघा. टीव्हीवर पांढरा पडदा किंवा मुंग्या लावा, कॅमेऱ्याची लेन्स आणि मागचं दार दोन्ही उघडं ठेवून टीव्हीजवळ धरा, मागून एका डोळ्याने बघत क्लिक करा. क्षणभर एक पट्टा दिसतो. रेघा मोजत बसायचं नाही, पट्ट्याची उंची पडद्याच्या मानाने बघायची, १/१२५ ला अर्ध्यापेक्षा थोडी कमी, १/१००० ला अगदी बारीक, विसाव्या हिश्श्याएवढी. पडदे आडवे धावतात आणि टीव्हीच्या रेघा खाली उतरत असतात म्हणून हा पट्टा तिरका दिसतो, आणि खरी मजा ह्या तिरकेपणात आहे. पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या जाडीचा असला तर दोन्ही पडदे जोडीने चाललेत. एका टोकाला निमुळता होत गेला तर तिकडे फट अरुंद होतेय. म्हणजे आकडा नाही मिळाला तरी दोष डोळ्याने दिसतो, आणि एकदा दिसला की तो माणूस आयुष्यभर विसरत नाही. काकांना दाखवलं तेव्हा ते चार वेळा क्लिक करून बघत बसले, "अरे हे तर शेपटीसारखं बारीक व्हतंय की!"

तिसरा मार्ग म्हणजे फोटोट्रान्झिस्टर, उजेड पडला की करंट सोडणारा छोटा सेन्सर, दहा-वीस रुपयाचा, दिसायला एलईडीसारखाच. जुन्या वायरवाल्या हेडफोनचा माईक कापून काढा आणि त्याच्या दोन वायरींना हा जोडा, माईकसाठी फोन जो थोडासा करंट सोडतो त्याच्यावरच हा चालतो. काहीच दिसलं नाही तर दोन पाय उलटे करून लावा. फोनला माईक जोडलाय हेच कळत नसेल तर दीड-दोन किलोओमचा रेझिस्टर त्याच दोन वायरींमध्ये बाजूने जोडा. आता कॅमेऱ्याच्या पुढून टॉर्च, मागे फिल्मच्या जागी हा सेन्सर, आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करून क्लिक. ती फाईल कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी नावाच्या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, ते फुकट मिळतं, की एक टोक वर गेलेलं आणि एक खाली गेलेलं दिसतं, पहिलं म्हणजे उजेड आला, दुसरं म्हणजे उजेड गेला. मधलं अंतर हा तुमचा शटर स्पीड. सेकंदाला ४४,१०० वेळा नोंद होते, त्यामुळे १/१००० सुद्धा आरामात मोजता येतो.

इथे दोन गोष्टींनी मला महिनाभर फिरवलं. एक, टॉर्च मंद केला की बऱ्याच टॉर्चचा एलईडी आतल्या आत फडफडतो, आणि घरातला बल्बसुद्धा सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो, डोळ्याला कळत नाही पण सेन्सरला कळतं, आणि रेकॉर्डिंग म्हणजे नुसती करवत. टॉर्च पूर्ण जोरात ठेवा किंवा खिडकीतलं ऊन वापरा. दोन, रेकॉर्डिंगचं ॲप साधं घ्या, आवाज स्वच्छ करणारं नको, ते शटरची टोकंच कचरा म्हणून पुसून टाकतं.

आणि एकाच जागी मोजून थांबू नका. सेन्सर फ्रेमच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असा तीन जागी ठेवा, प्रत्येक ठिकाणी पाच-पाच क्लिक. काकांच्या के १००० चे आकडे वहीत आहेत: १/१२५ ला सगळीकडे ८ च्या आसपास मिलिसेकंद, उत्तम. १/५०० ला २.१, १.९, १.६, म्हणजे थोडा उतार, पण चालेल. १/१००० ला पाहिजे होतं १, आलं १.१, ०.८ आणि ०.४. म्हणजे शेवटच्या कडेला सुरुवातीच्या निम्म्याहूनही कमी उजेड. स्लो स्पीड सगळे ठीक. वरचा हिशेब लावा: स्लो चांगले, वरचे वाईट, म्हणजे पडदा, आणि शेवटी अरुंद म्हणजे पहिला पडदा दमतोय.

एक सांगायचं राहिलं, मोजताना पहिल्या दहा क्लिकवर निकाल देऊ नका. वीस वर्षं झोपलेला कॅमेरा उठल्या उठल्या धावत नाही. शे-दीडशे वेळा वेगवेगळ्या स्पीडला क्लिक करा आणि परत मोजा. काकांचा ०.४ चा ०.६ झाला नुसत्या व्यायामाने.

लीफ शटरवाले कॅमेरे, म्हणजे लेन्सच्या आतच पाकळ्या असलेले, याशिकामॅट वगैरे, त्यांना हा पडद्याचा त्रास नाही, तिथे पाकळ्यांवर तेल आलंय का एवढं टॉर्चने बघा, तेलाचा डाग इंद्रधनुष्यासारखा चमकतो. तसंच के १००० च्या लेन्सच्या मागे जो छोटा लिव्हर असतो तो बोटाने ढकलून सोडा, अपर्चरच्या पाकळ्या झटक्यात मिटायला पाहिजेत, जांभई देत मिटत असतील तर त्यांनाही तेल लागलंय.

फोकस तपासायला लागतो बटर पेपर किंवा दुधी चिकटपट्टी. मागचं दार उघडा, फिल्म जिथून जाते तिथे आतल्या दोन रुळांवर पट्टी अगदी ताणून बसवा, शटर बी वर (स्पीडच्या चकतीवरची खूण, बटण दाबून धरलं तोवर शटर उघडं राहतं) उघडं धरा, अपर्चर पूर्ण उघडं, आणि लेन्स अनंतावर ठेवून खूप लांबची वस्तू बघा. मी वडगावच्या पुढे शेताकडे जातो आणि येळ्ळूरच्या राजहंसगडावर धरतो, सकाळी हवा स्वच्छ असली की तटाची कड कापल्यासारखी दिसायला पाहिजे. बघायला भिंग म्हणून दुसरी ५० मिलिमीटरची लेन्स उलटी धरा, सोनाराच्या भिंगाएवढी चांगली चालते. पट्टीवर गड स्पष्ट आणि व्ह्यूफाइंडरमध्ये धूसर, तर आरसा किंवा वरची काच जागची हललीय. व्ह्यूफाइंडरमध्ये स्पष्ट आणि पट्टीवर धूसर, तर दोष नुसता आरशात नाही, लेन्सची बैठक पण बघायला पाहिजे. दोन्हीकडे धूसर, तर लेन्स कुणीतरी उघडून चुकीची बसवलीय, आणि असं केलेल्या लेन्स माझ्याकडे बऱ्याच येतात. एक तर पक्कडने उघडलेली होती, कडेला दात उमटले होते, एका दुकानात दिली होती म्हणे. ते बघून मला खरंच वाईट वाटलं.

फिल्म पुढे सरकते का, ते एखाद्या वाया गेलेल्या रोलवर बघा, दार उघडं ठेवून प्रत्येक वेळी फ्रेमच्या कडेला पेनाने खूण करा, खुणांमधली अंतरं सारखी पाहिजेत. खरा रोल घातल्यावर लिव्हर ओढताना रिवाइंडची मूठ फिरते ना, एवढं बघत जा.

आणि हे कृपा करून वाचा. ज्या कॅमेऱ्यात फ्लॅश आतच आहे, आणि सुटे फ्लॅश, त्यांच्यात एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग, असतो, साधारण ३०० व्होल्टचा, सेल काढून ठेवले तरी तो भरलेला राहू शकतो. हे सगळं मी जे सांगितलं त्यातलं काहीही करताना असा कॅमेरा उघडायचा नाही, पोरांच्या हातात तर अजिबात द्यायचा नाही. फ्लॅशची जोडणी तपासायची असेल तर फ्लॅश लावायचीच गरज नाही, मल्टीमीटर बीपवर ठेवून कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या भोकात एक टोक मध्ये आणि एक कडेला लावा, बी वर क्लिक करा, शटर उघडं असताना बीप आलं की काम झालं.

आता तुम्ही म्हणाल एवढी खटपट कशाला, एक रोल घालून बघू. आज एक रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून हजाराच्या वर जातं आणि आठ-पंधरा दिवस वाट बघायची ते वेगळंच, आणि रोल बिघडला तरी नक्की काय बिघडलंय ते कळत नाहीच. आपल्या ह्या भागाला कॅमेऱ्याची ओळख नवी नाही, इथून दोन-अडीच तासावर कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, आणि आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, तर मायक्रॉनमध्ये मोजणारी माणसं रोज कामाला जातात. तीच मोजायची सवय कॅमेऱ्याला लावायचीय.

काकांचा कॅमेरा मी शेवटपर्यंत उघडला नाही. कप्पा साफ केला, नवा सेल, दाराला आणि आरशाला नवा फोम, लेन्सला डबा आणि सिलिका जेल. मीटर भिंतीवर मोबाईलच्या ॲपशी जुळला. १/१००० तेवढा राहिला, त्यासाठी पडद्याचे रूळ साफ करून ताण जुळवावा लागेल आणि ते काम ज्याला येतं त्यानेच करावं, म्हणून आकड्यांचा कागद कॅमेऱ्याबरोबर काकांना दिलाय, जो कोणी करेल त्याला सुरुवात कुठून करायची ते कळेल. स्पीडच्या चकतीवर हजारच्या आकड्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. "काका, चकती ह्या आकड्यावर न्यायची नाही. २०० चा रोल घाला, उन्हात १/५०० आणि एफ ११, भागतंय."

काकांनी कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "आमच्या पलटणीत रायफलचं असंच कार्ड असायचं." मग नातीला हाक मारली, आणि तिने पहिला फोटो कुणाचा काढायचा यावरून दोघांचं अंगणातच सुरू झालं.